शेवटची गाडी

पारशिवनीकडच्या टेकड्यांवर आमचा ग्रुप दर रविवारी सकाळी मोटरसायकली घेऊन जातो. नियम एकच, पण कडक: जिथं वाट फुटते तिथं एकानं थांबायचं, मागच्यांना रस्ता दाखवायचा आणि शेवटची गाडी आल्याशिवाय जागा सोडायची नाही. शेवटी मी असतो. ती जागा मी कोणालाच देत नाही.

आजही मोहाच्या झाडाजवळच्या फाट्यावर मी गाडी बंद केली आणि वाटेच्या कडेच्या रिकाम्या जागेकडं हात वर केला. ग्रुपमध्ये नवीन आलेली वैभवी आज तिथं वाट दाखवायला थांबली होती. तिनं वळून पाहिलं.

“दादा, हात कोणाले दाखवून राहिले? इथं तर कोणीच नाही.”

“मागच्या मे महिन्यात इथं संघपाल थांबला होता. मोहाची सावली वीस पावलांवर, पण तिथून वाट दिसत नाही. म्हणून उन्हातच उभा राहिला. पुढच्यायले वाटलं, शेवटच्या गाडीसंगं येत असंन. सांजच्याले उन्हानं गेलेला सापडला. बाटली कोरडी अन् तोंड वाटेकडं.”

“अन् शेवटची गाडी?”

“तिची क्लचप्लेट जळाली. गाडीवाला पांधणीनं, वावरातल्या वाटेनं, डांबरी रोडवर उतरला अन् परस्पर नागपूरले जाऊन कूलरसमोर झोपला. कोणाले फोनही केला नाही.”

वैभवीनं हेल्मेट काढलं.

“म्हणजे ते गाडी इथं आलीच नाही?”

मी किक मारली.



“येते ना वं. तेव्हापासून दर रविवारी येते.”