गुडघ्यांखालची उशी

वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला ठेवलेल्या उशा शिंपीणमावशींनी स्वतःच्या हातानं शिवल्या होत्या. दर शनिवारी त्या झटकून, फुगवून मावशी चर्चला कुलूप घालायच्या. तरी रविवारी सकाळी दार उघडलं, की कोपऱ्याजवळच्या उशीवर दोन गुडघ्यांचे खळगे. हात लावावा तर कोमट.

"तुम्हीच लोळता ना इथं?" त्यांनी रखवालदाराला दरडावलं.

"मावशी, किल्ली तर तुमच्याच कमरेला असते."

तरी मावशींच्या मनातला संशय काही हलेना. या रविवारी त्यांनी ती उशीच उचलून कपाटात कोंडली. "बघते, आता कुठं टेकतोय मेला!"

प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे कठड्याशी ओळीनं गुडघे टेकून बसले. मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ यांच्या मध्ये, जिथली उशी काढली होती तिथं, जागा मोकळीच राहिली.

"सरक की इकडं," मावशी कुजबुजल्या.

"कुठं सरकू, जाऊबाई? मध्ये ते बसलेत ना."

पाळकसाहेब भाकर देत देत आले, हातात तुकडा धरून मोकळ्या जागेपुढंही वाकले आणि रिकामा हात घेऊन सरळ झाले.

मावशींनी डोळे गच्च मिटले. तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या उशीची त्या बाजूची कड हळूहळू दबायला लागली.