नव्या हाताच्या मनगट्या

गोजरा कासारणीनं मोठ्या बांगड्या बाजूला सारल्या आणि बाळलेण्याच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या काढल्या. समोर चाळिशीची हौसा बसली होती. कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा डावा हात कोपराखाली तुटला होता. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं माणसाच्या वाढीचं प्रथिन डॉक्टर तिला टोचत होते. त्यानं तिथं तान्ह्या बाळाएवढा हात फुटला होता, नखांसकट.

"बोटं हलत नाहीत, मावशी. आज हलली नाहीत तर उद्यापासून सुई बंद."

"माझ्याकडं आलेला हात कधी ताठ राहिलाय का?"

गोजरानं सवयीनं तो अंगठा आत दुमडला, तळवा चोळून सैल केला. त्यावर रेषाही नव्याच होत्या. तिनं मनगटी सरकवली आणि आपला हात मागं घेतला, पण बोट निघेना. चिमुकल्या मुठीनं ते घट्ट धरलं होतं.

"सोड की गं."

"मला कुठं येतंय अजून सोडायला?" हौसा रडत हसली.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला वाकून नमस्कार करते. हौसा वाकायच्या आत गोजरानंच त्या मुठीवर कपाळ टेकवलं.