मापाचा ब्लाउज

हेमलतानं शालनच्या मशीनवर पिशवी ठेवली. आत पुतणीच्या लग्नासाठी घेतलेलं हिरवं ब्लाउजपीस होतं आणि सवयीप्रमाणे मापाला तोच जुना, मऊ पडलेला ब्लाउज. पंधरा वर्षं शालन त्याच्यावरूनच बेतत आली होती. टेप लावायची कधी वेळच आली नव्हती.

शालननं तो टेबलावर पसरला, तेव्हा कुठे हेमलताच्या लक्षात आलं. ऑपरेशन करून डावा स्तन काढला, त्याला सात महिने झाले होते. ते माप आता तिचं राहिलंच नव्हतं.

“राहू दे गं,” ती पिशवी ओढत म्हणाली. “मी जातच नाही लग्नाला.”

“कापड आणलंयस ना? मग हात वर कर.” शालननं पडदा सरकवला, गळ्यातली टेप काढली आणि सावकाश मापं घेतली. डावं वेगळं, उजवं वेगळं. तिच्या चेहऱ्यावर लग्नसराईत घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांवर असतो तेवढाच वैताग होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी हेमलता पडद्यामागे ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहिली. डावीकडे आतून कापूस भरून मऊ अस्तर शिवलं होतं. बाहेरून काही कळत नव्हतं. तिनं पदर सारखा केला, मग जरा बाजूला घेऊन पुन्हा पाहिलं.

“दंडाला घट्ट होतोय का?”

हेमलतानं हात वर करून पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली.

शालननं जुना ब्लाउज घडी घालून तिच्या पिशवीत टाकला.

“हा कपाटात ठेव. पुढच्या वेळी मापाला अंगातला आण.”