सकाळचा अर्धा तास

बाहेर काळोख असतानाच आत्या वरच्या मजल्यावरून उतरली, दार लोटून आत आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा दिवा तिने लावला. दिवा म्हणजे शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या उजेडाचा चौकोन. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, डोळ्यांच्या किंचित वर येईल असा ठेवून तिने भाचीला खुर्चीत बसवले, तिच्या गुडघ्यांवर पांघरूण टाकले आणि स्वतः शेजारी बसली.

मुलगी पंधरा वर्षांची. हिवाळ्यात दिवस लहान होऊ लागले की तिचे मन मिटत जाई. जेवण, शाळा, मैत्रिणी, एकेक सुटत जाई. या वर्षी उठल्या उठल्या अर्धा तास हा उजेड घ्यायला सुरुवात झाली, आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली होती.

आई हे सारे अजून पाहू शकली नव्हती. ती शहरातली पहिली बस चालवी, आणि वडील ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असत. म्हणून तिनेच नणंदेला सकाळी येण्याची गळ घातली होती. आज आईची सुट्टी होती. पांघरुणात शिरून तिने डोळे मिटले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

लेकीचा. अगदी पोट धरून हसल्यासारखा.

आत्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि कालच्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होती. एक आजोबा तावातावाने तक्रार घेऊन आले, की नव्या चष्म्यातून बायको धूसर दिसते. "मी म्हटलं, आजोबा, तो तिचाच चष्मा आहे. तर म्हणतात कसे, तरीच मला सगळीकडे माझ्याच चुका दिसतायत."

आई दारात येऊन उभी राहिली. हसू थांबले नाही. घरात पाहुणा आल्यावर आवरते घ्यावे, तसे जरा आवरते झाले. पांढऱ्या उजेडात दोन्ही चेहरे सारखे दिसत होते, तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. मागचे दोन हिवाळे लेकीच्या उशाशी आई बसली होती. तिनेच घास भरवले होते, केसांतला गुंता सोडवला होता, रागावून झाल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडलीही होती.

"बसा ना, वहिनी," नणंद म्हणाली. तिच्याच घरात तिला.

दुपारी तिने नणंदेला गाठले. भल्या पहाटे उठायचे, मग दुकान गाठायचे, उगाच किती ओढाताण होते, असे ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत आपण घरी येतो, तेव्हा आपणच बसू. डॉक्टरांनी सकाळीच म्हटले होते ना, असे नणंदेने हळूच विचारून पाहिले.

"अर्धा तास तो अर्धा तास, वन्सं. सकाळचा काय नि संध्याकाळचा काय."

त्यानंतर रोज दिवेलागणीला आई गणवेशातच लेकीसमोर खुर्ची ओढून बसू लागली. शाळेचे विचारी, उत्तरे येत, नीट आणि तोकडी. एकदा तिने बसमधल्या एका प्रवाशाचा किस्सा रंगवून सांगितला. लेक हसली, पण किस्सा संपायच्या जरा आधीच. आईला ते कळले. तरीही ते हसू तिने जपून ठेवले.

हळूहळू लेकीला सकाळी जाग येईना. शाळेला आधी उशीर होऊ लागला, मग शाळाच बुडू लागली. ताटातले अन्न ताटातच राही. जिन्यात भेटून नणंदेने चौकशी केली तेव्हा आईने बदलत्या हवेवर ढकलले.

मग एका पहाटे, कामावर निघताना, तिने लेकीच्या खोलीत डोकावले. लेक पलंगाच्या कडेला बसली होती. एक मोजा पायात, दुसरा हातात. बराच वेळ ती तशीच बसली असावी.

"झोपली नाहीस?"

"झोपच लागत नाही. संध्याकाळी दिवा घेतला की रात्रभर टक्क जागी असते."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

लेक मोज्याकडे पाहत राहिली. "तुला आवडतं ना, माझ्याजवळ बसायला."

आई खाली बसली. तिने दुसरा मोजा लेकीच्या पायात चढवला, टाचेपाशी नीट ओढला. मग तिला धरून टेबलाशी आणले, दिवा हातभर अंतरावर ठेवून लावला, पांघरूण दिले. रोज आपण बसत होतो ती समोरची खुर्ची तिने उचलली आणि लेकीच्या शेजारी ठेवली. त्या खुर्चीत ती बसली नाही.

वर जाऊन तिने दार वाजवले. नणंद केस बांधत बाहेर आली. गणवेशातल्या भावजयीला पाहून तिचा हात तिथेच थांबला.

"वन्सं, चूक माझी झाली. ती खाली बसलीय. आजपासून पुन्हा तुम्हीच या."

पायांत चपला सरकवून नणंद निघाली. जिना अरुंद होता. आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने नणंदेला पुढे जाऊ दिले.

आई खाली आली तेव्हा घराचे दार अर्धे उघडे होते. आतून अजून कसलाच आवाज येत नव्हता. पांढऱ्या उजेडाची एक पट्टी तेवढी बाहेरच्या फरशीवर पडली होती. ती ओलांडून आई जिना उतरत गेली, आणि इमारतीचे मोठे दार आपटू नये म्हणून तिने ते शेवटपर्यंत हाताने धरून लावले.