डांगरवाडीतली नाव

पहाटे सुकलाल भोयाच्या पायांना गार स्पर्श झाला. वाळूत चार मेढींवर उपडी घातलेली नाव हेच त्याच्या डांगरवाडीतल्या, म्हणजे नदीपात्रातल्या टरबुजांच्या मळ्यातल्या, खोपीचे छप्पर होते. त्याखालून वाकून त्याने बाहेर पाहिले. धुक्यात पिकलेली टरबुजे वेलींसकट तरंगत होती; नदीला जणू जुने स्वप्न पडले होते.

धरण झाल्यापासून नदी कोरडी पडली होती; माणसे चालतच पार जात, आणि नावेतून त्यांना पोचवणारा सुकलाल पात्रात टरबुजे लावू लागला होता. खालच्या गावांसाठी ती कायम वाहती ठेवावी, असा आता कोर्टाचा निकाल लागला. आपली वाडी वाचावी म्हणून सुकलालनेही अर्ज केला होता. पण पात्र कुणा एकाच्या मालकीचे नसते, असे सांगून कोर्टाने तो फेटाळला. पाणी इतक्या लवकर येईल, असे मात्र त्याला वाटले नव्हते.

"गेली वाडी! आता खायचं काय?" त्याची बायको बायजाबाई म्हणाली. मग तिची नजर वर नावेकडे गेली. "दर आखाजीच्या सणाला या कोरड्या नावेला डांबर फासायचे तुम्ही. मी हसायची, टरबुजांना कसली गळती लागते म्हणून!"

दोघांनी मिळून नाव सुलटी केली. पाण्याला टेकताच ती झोपेतून उठल्यासारखी डुलली. आत थेंबही आला नाही.

एवढ्यात पलीकडून हाक आली, "भोईदादा, होऽऽ! काल चालत आलो, आज परत जायचं कसं?"

कितीतरी वर्षांनी त्याला कुणी अशी हाक मारली होती.

बायजाबाईने डोळे पुसले आणि एक तरंगते टरबूज उचलून त्याच्या हाती दिले. "नारळ नाही घरात. नदीला हेच फोडा, अन् जा."