टाचेचा पास

"आज हरलो तर सर, सत्काराची शाल तुमच्याकडंच राहू दे, शिट्टी तेवढी परत द्या," असं तालमीच्या फुटबॉल संघाचे अध्यक्ष आप्पा मॅचच्या आधीच इंगवले सरांना बोलले होते. लागोपाठ दोन फायनल हरलेल्या प्रशिक्षकाशी कोल्हापुरात यापेक्षा गोड कुणी बोलत नाही.

आता शेवटचं मिनिट चाललं होतं, गोल एकही नव्हता आणि तालमीचा स्ट्रायकर तौफिक चेंडू घेऊन थेट गोलसमोर पोचला होता. पुढं एकटा गोलकीपर. "मार!" अख्खं स्टेडियम ओरडलं. सर सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

तौफिकनं मारला नाही. वळूनही न बघता त्यानं टाचेनं चेंडू मागच्या मोकळ्या जागेत ढकलला.

"ह्यानं घालवली माझी नोकरी," सर कळवळले. आधी ह्याच तालमीकडून आणि मग गोव्यात, कोलकात्यात पंधरा वर्षं त्यांनी स्वतः हेच करून नाव कमावलं होतं. बाहेरून कोच बोंबलायचे, तेव्हा सरांना वाटायचं, मेले जळतात.

गोलकीपर तौफिकच्या पायांवर झेपावला आणि तिथंच लोळला. मोकळ्या जागेत अर्धं मैदान तुडवत आपला लेफ्ट बॅक आला. चेंडू त्याच्याचसाठी थांबल्यासारखा. जाळं हललं.

सगळी पेठ मैदानात घुसली. सर जागचे हलले नाहीत. ते अजून त्या मोकळ्या जागेकडंच बघत होते.

"आप्पा, मी खेळायचो तेव्हा असंच दिसायचं?"

"अगदी असंच," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "आधी आम्ही तुम्हालाबी शिव्याच घालायचो."