आधी तुमचा मान

क्लबात दोन साडू बुद्धिबळाच्या पटावर समोरासमोर बसले. हरेल त्यानं सासऱ्यांना कायमचं घरी न्यायचं, असं ठरलेलं. म्हातारा दोघांनाही नकोच होता. सासऱ्यांनी आदल्या दिवशी दोघांनाही वेगवेगळं गाठून एकच ओपनिंग शिकवलेलं: "डोकं चालवू नका, तेवढं तुम्हाला नाही. समोरचा खेळेल तेच खेळायचं."

पांढऱ्या सोंगट्या सासऱ्यांनी स्वतःच धाकट्यापुढे मांडल्या. घड्याळ सुरू झालं. धाकटा ढिम्म.

"खेळ की रे!"

"आधी तुम्ही, साडूभाऊ. मोठ्यांचा मान."

"अरे गाढवा, पांढरं तुझ्याकडे आहे, पहिली चाल तुझी!"

"असू दे. तुम्ही व्हा पुढं."

तासाभरानं धाकट्याची वेळ संपली. एक प्यादंही न हलवता तो हरला.

सासऱ्यांनी टेबलाखालून भरलेली बॅग काढली.

"चला जावईबापू. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे."